खंडन, इन्कार आणि उत्तर : इंग्रजीतील वादाचे शब्द

वर्तमानपत्रात आपण नेहमी वाचतो की, अमुक मंत्र्यांनी आपल्यावरील आरोपांचे खंडन केले. पुढे बातमी पाहावी तर त्यांनी एवढेच म्हटलेले असते की, हे आरोप खोटे आहेत. याला इन्कार म्हणतात, खंडन नव्हे. इंग्रजी वर्तमानपत्रांतही हीच गल्लत चालते. जेथे 'डिनाय' लिहायचे तेथे 'रिफ्यूट' लिहिले जाते. आपल्या समाजातील जी मुले-मुली आज कायदा, पत्रकारिता किंवा स्पर्धा परीक्षांच्या वाटेने निघाली आहेत, त्यांनी हा फरक नीट समजून घेतला पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

'डिनाय' म्हणजे नाकारणे. त्याला पुरावा लागत नाही. 'रिफ्यूट' म्हणजे समोरचे म्हणणे चूक आहे हे पुराव्याने वा तर्काने सिद्ध करून ते खोडून काढणे. या दोहोंच्या मध्ये 'रिबट' येतो. समोरच्याच्या पुराव्याविरुद्ध आपला पुरावा उभा करणे म्हणजे 'रिबट' करणे. कोर्टात असा पुरावा देता येतो, तो न्यायाधीशांना पटेल किंवा पटणारही नाही. पण 'रिफ्यूट' म्हटले की, खोडून झाले, असा अर्थ त्या शब्दातच आला. म्हणून स्वतःच्या लेखाविषयी हा शब्द जपून वापरावा. आपण खोडले की नाही, हे वाचकाला ठरवू द्यावे. आणखी एक शब्द विद्यार्थ्यांना फसवतो, तो 'रिफ्यूज'. कानाला जवळचा वाटला तरी त्याचा अर्थ एखादी गोष्ट करण्यास वा घेण्यास नकार देणे, इतकाच आहे.

हे सर्व शब्द एकाच प्रकरणात पाहायचे असतील तर परमपूज्य बाबासाहेबांचे १९३६ सालचे 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हाती घ्यावे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद बाबासाहेबांना देऊ केले होते. परंतु भाषणाचा मजकूर वाचून मंडळाची मंडळी बिचकली व त्यांनी काही भाग गाळण्याची सूचना केली. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असे बाबासाहेबांनी कळविले. हे झाले 'रिफ्यूज'. शेवटी ते भाषण झालेच नाही. मे महिन्यात बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले, आणि पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती सुमारे दोन महिन्यांत संपल्या.

जुलै १९३६ मध्ये गांधीजींनी 'हरिजन' पत्रात त्यावर लिहिले. त्यांनी मथळ्यात 'इंडाइटमेंट' हा शब्द घातला. इंडाइटमेंट म्हणजे आरोपपत्र. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचे लेख संपूर्ण छापले, मात्र त्यांना 'अ व्हिंडिकेशन ऑफ कास्ट' असे नाव दिले. ज्यावर आरोप आहे त्याचा बचाव करून त्याला निर्दोष ठरवणे, हा 'व्हिंडिकेशन'चा अर्थ. जातीचा धर्माशी संबंध नाही, असे गांधीजी त्या लेखात म्हणत होते आणि वर्णाचे मात्र समर्थन करीत होते. हा जातीचाच बचाव आहे, असे बाबासाहेबांनी नुसत्या मथळ्यातून सांगून टाकले. त्यानंतर त्यांनी आपला लेख जोडला, 'अ रिप्लाय टू द महात्मा'. विरोधकाचे म्हणणे न कापता आपल्याच पुस्तकात छापायचे आणि मग उत्तर द्यायचे, ही पद्धत आमच्या तरुण वक्त्यांनी जरूर पाहावी. आज आपल्या व्यासपीठांवर समोरच्याचे अर्धे वाक्य उचलून त्यावर टाळ्या घेण्याची सवय वाढली आहे.

त्या उत्तराची बांधणीही अभ्यासण्यासारखी आहे. आरंभी बाबासाहेब आपल्या भाषणातील मुख्य मुद्दे क्रमाने मांडतात आणि दाखवतात की, गांधीजींनी त्यांना स्पर्शच केलेला नाही. इंग्रजीत याला 'बिसाइड द पॉइंट' म्हणतात, म्हणजे मुद्दा सोडून बोलणे. मग ते गांधीजींचा एकेक मुद्दा घेतात. शास्त्रवचने विश्वसनीय नाहीत, या आक्षेपावर ते सांगतात की, ती वचने टिळकांच्या लेखनातून घेतली आहेत आणि संस्कृतातील टिळकांचा अधिकार सर्वमान्य आहे. हे 'रिबटल' झाले. गांधीजींनी ज्ञानदेव, तुकाराम आदी संतांची नावे घेतली होती. आपण पंढरपूरकर असल्याने हा भाग आपल्याला विशेष जवळचा आहे. बाबासाहेब संतांना वाईट म्हणत नाहीत. पण संतांची शिकवण जातीवर परिणाम करू शकली नाही, असे ते म्हणतात आणि कारणे देतात : एक, संतांनी जातिव्यवस्थेवर हल्ला केला नाही, देवापुढे सर्व समान एवढेच सांगितले, दोन, संताने जात मोडली तरी सामान्य माणसाने मोडू नये, असेच लोकांना शिकवले गेले. समोरच्याचे जे खरे आहे ते मान्य करणे याला 'कन्सीड' म्हणतात. ते केल्याने आपला मुद्दा दुबळा होत नाही.

'नॉट प्रूव्ह्ड' आणि 'डिस्प्रूव्ह्ड' यांतील फरकही लक्षात ठेवावा. १८७२ च्या पुरावा कायद्याने सिद्ध झालेले, खोटे ठरलेले आणि सिद्ध न झालेले असे तीन प्रकार केले. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहेत. आपल्या गावातला वाद घ्या. डिसेंबर १९५४ मध्ये देहूरोड येथे बुद्धमूर्तीच्या प्रतिष्ठापनेच्या वेळी बाबासाहेबांनी सांगितले की, पंढरपूरची मूर्ती मूळची बुद्धाची आहे व त्यावर आपण प्रबंध लिहिणार आहोत. १९५६ साली त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि तो प्रबंध राहून गेला. पुढे १९८४ साली रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधले. आता कोणी म्हणेल, ढेरे यांनी बाबासाहेबांना 'रिफ्यूट' केले; कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी 'प्रूव्ह' केले होते. दोन्ही शब्द जादा आहेत. येथे 'क्लेम' म्हणजे दावा, 'डिस्प्यूट' म्हणजे वादग्रस्त ठरवणे, असे शब्द शोभतात. चौफाळ्यावर चहा पिताना हा विषय निघाला की आवाज चढतात, म्हणून मुद्दाम हे उदाहरण घेतले.

वादाची ही शिस्त इंग्रजांकडून आली, असे कोणी समजू नये. मिलिंदपञ्ह ग्रंथात भदन्त नागसेन ग्रीक राजा मिनँडरला, म्हणजे आपल्या मिलिंदाला विचारतात, तू पंडितासारखा वाद करणार की राजासारखा? पंडितांच्या वादात गुंडाळणे आणि उलगडणे असते, निग्गह म्हणजे चूक दाखवून पकडणे असते, पटिकम्म म्हणजे दुरुस्ती असते, आणि तरीही पंडित रागावत नाहीत. राजे मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा करतात. मिलिंदाने पंडितासारखा वाद करण्याचे कबूल केले, तेव्हाच चर्चा सुरू झाली. न्यायशास्त्रातील 'वितंडा' शब्दही पाहा. स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची पाडणे म्हणजे वितंडा. मराठीत आपण आरडाओरडीच्या कोणत्याही वादाला वितंडवाद म्हणून टाकले.

राहता राहिले 'आन्सर', 'रिप्लाय', 'रिटॉर्ट' आणि 'रिजॉइन्डर'. 'रिटॉर्ट' म्हणजे चटकन दिलेले झोंबणारे उत्तर. 'रिजॉइन्डर' म्हणजे उत्तराला दिलेले उत्तर. कोर्टात अर्जदार समोरच्याच्या लेखी जबाबावर तो दाखल करतो. 'रिप्लाय' ही क्रिया 'टू' मागते, 'आन्सर' मागत नाही. पत्राला उत्तर दिले, हे 'आन्सर्ड द लेटर' किंवा 'रिप्लाइड टू द लेटर' असे लिहावे. परंतु 'आन्सर' नाम म्हणून आला की, 'अ‍ॅन आन्सर टू द लेटर' असा 'टू' लागतो. 'रिफ्यूट' आणि 'रिबट' यांच्यापुढे 'टू' किंवा 'अगेन्स्ट' कधीच लावू नये.