डबा घेण्याआधी पॅनेल उलटं करा

घरची जुनी गाडी वापरायला मिळाली की पहिल्यांदा खुपतो तो विटका डॅशबोर्ड. नेरूळ-वाशीत गाडी उघड्यावर उभी, मग होणारच. पण थेट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्प्रे आणायला पळू नका. आधी निघणारं पॅनेल काढून मागची अक्षरं वाचा. 'पीपी' म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्यावर साधा रंग नखानेही निघतो, खाली प्लास्टिक प्रायमर हवाच. 'एबीएस' रंग बरा धरतं. दाराच्या रेक्झिनला मात्र विनाइल डाय. रंगाचा जाड थर तिथे तडकतो. दोन्हींआधी पॉलिशचं सिलिकॉन घासून काढा, कंटाळवाणं आहे, पण सगळं त्यावरच टिकतं. डॅशबोर्डच्या माथ्यावर मॅटच, चकचकीत रंग काचेत दिसतो. एअरबॅगच्या झाकणाला हात लावायचा नाही, ते वेळेला फाटायला हवं! आणि पावसाळ्यात तर नकोच. दमट हवेत स्प्रे पांढुरका पडतो.