ठेंगणा सेंटर आणि ४८ मिनिटांची वाटणी

बास्केटबॉलच्या मैदानावर बास्केटचे कडे जमिनीपासून १० फूट उंचीवर असते. या कड्याजवळ राहून प्रतिपक्षाचे फेकलेले चेंडू अडविणे आणि हुकून परतलेला चेंडू हस्तगत करणे, हे सेंटरचे मुख्य काम होय. अमेरिकेतील व्यावसायिक संघांत ही जागा बहुधा सात फुटांच्या आसपास उंची असलेल्या खेळाडूकडे असते. मग साडेसहा फुटांच्या खेळाडूने तेथे टिकाव धरावा तरी कसा?

याचे उत्तर काही अंशी यंत्रशास्त्रात सापडते. ज्या पदार्थाचा गुरुत्वमध्य खाली व पाया रुंद, तो सहसा कलंडत नाही. ठेंगणा सेंटर गुडघे वाकवून व पावले फाकवून उभा राहतो आणि प्रतिस्पर्ध्याला कड्यापासून दूर थोपवून धरतो. ६ फूट ७ इंच उंचीच्या वेस अन्सेल्डने १९६८-६९ च्या आपल्या पहिल्याच हंगामात सर्वोत्कृष्ट खेळाडूचा बहुमान मिळविला होता.

परंतु या स्थैर्याचे मोल श्रमाने चुकवावे लागते. स्नायू थकले की गुडघे सरळ होतात, गुरुत्वमध्य वर सरकतो, पाऊल क्षणभर उशिरा पडते आणि फाऊल घडतो. सहा फाऊल होताच खेळाडू त्या सामन्यातून बाद होतो. म्हणूनच ४८ मिनिटांपैकी कोणती मिनिटे त्याच्यावर सोपवावयाची, हा प्रशिक्षकापुढील खरा प्रश्न असतो.

२०१५ च्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट संघ क्लीव्हलँडविरुद्ध १-२ असा मागे पडला होता. चौथ्या सामन्यात प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी सात फुटी अँड्र्यू बोगटऐवजी सुमारे साडेसहा फुटांच्या ड्रेमंड ग्रीनला सेंटरच्या जागी उभे केले. प्रतिपक्षाच्या उंच तिमोफी मोझगॉव्हने २८ गुण मिळविले खरे. परंतु गोल्डन स्टेटच्या चपळ खेळापुढे क्लीव्हलँडचा निभाव लागला नाही. सामना १०३-८२ असा आणि पुढे मालिकाही ४-२ अशी गोल्डन स्टेटने जिंकली.

एवढे यश लाभूनही कर यांनी ही योजना सर्वकाळ राबविली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. २०१५-१६ च्या हंगामात बहुतेक सामन्यांच्या प्रारंभी सेंटर म्हणून बोगटच उतरे. ग्रीन दीर्घकाळ मैदानावर असे. पण सेंटरचे ओझे त्याच्या खांद्यावर निवडक वेळीच पडे. त्या हंगामात संघाने ८२ पैकी ७३ सामने जिंकून विक्रम केला. खेळाडूची उंची वाढविणे कोणाच्याही हाती नाही. त्याच्या श्रमांची वाटणी मात्र प्रशिक्षकाच्या हाती असते.