वापसा आला, मिनी ट्रॅक्टर तयार आहे का?

जूनच्या मध्यावर धाराशिव जिल्ह्यात दोन चांगले पाऊस झाले, की गावोगावी एकच विचारणा सुरू होते: वापसा कधी येतोय? सोयाबीन पेरायचं तर 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या, असं कृषी विभाग दरवर्षी बजावतो. तेवढा पाऊस झाल्यावर काळ्या रानात पेरणीला मोजकेच दिवस मिळतात. घाई केली तर चाकं रुततात, उशीर केला तर ओल उडते. गोठ्यामागे उन्हाळाभर कडब्याच्या आडोशाला उभा राहिलेला मिनी ट्रॅक्टर नेमका याच दिवसांत सुरू व्हायला हवा असतो. नेमका तेव्हाच तो रुसतो.

परदेशी शेतांवर हिंडायफिरायला आणि हलकी कामं उरकायला चार जाड चाकांची एटीव्ही असते. तिची सुरुवात होंडाने 1970मध्ये आणलेल्या तीनचाकी गाडीपासून झाली. आपल्याकडे लहान शेतकऱ्याची ही गरज वेगळ्या वाटेने भागली. गुजरातेतल्या अमरेली जिल्ह्यात मनसुखभाई जगानी यांनी 1994मध्ये बुलेट मोटारसायकलच्या मागच्या बाजूला औजारं जोडून ‘बुलेट सांती’ तयार केली. मराठवाड्यात मात्र जम बसला तो मिनी ट्रॅक्टरचा. महिंद्राचा युवराज 215 एकाच सिलिंडरवर 15 अश्वशक्ती देतो. बंगळूरूच्या व्हीएसटी कंपनीने मित्सुबिशीच्या जपानी तंत्रावर तीन सिलिंडरचा, 18.5 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणला. तुळजापूर-उमरग्याकडच्या द्राक्षबागांत दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर नेणं अवघड जातं. तिथे हा लहान गडी फवारणीचा ब्लोअर घेऊन सहज फिरतो, आणि सोयाबीनच्या रानात पाळीही घालतो.

या यंत्राला सरकारचंही पाठबळ मिळालं. समाज कल्याण विभागाच्या योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना 9 ते 18 अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर, सोबत कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर मिळतो. साडेतीन लाखांच्या मर्यादेत 90 टक्के, म्हणजे 3 लाख 15 हजार रुपये अनुदान असतं. उरलेले 35 हजार गटाने भरायचे. ज्यांच्याकडे बैलजोडीही नव्हती त्यांच्या दारात स्वतःचं यंत्र आलं, ही मोठी गोष्ट आहे. पण गटाच्या यंत्राची एक अडचण असते. चालवायला दहा जण पुढे येतात; तेल बघायचं काम कुणा एकाच्या नावावर लिहिलेलं नसेल तर ते होत नाही.

वर्ष-दोन वर्षं पडून राहिलेल्या ट्रॅक्टरचं इंजिन ‘गेलं’ असं लोक पटकन म्हणून टाकतात. जाणता मिस्त्री आधी हवा, तेल, पाणी आणि डिझेल या चार गोष्टी बघतो. इंजिन खोलायचा विषय त्यानंतर.

हवेपासून सुरुवात करू. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांना तेलात हवा गाळणारा एअर क्लीनर असतो. त्याची क्लिप काढून खालची वाटी हातात घेतली की यंत्राची सगळी हकिकत कळते. वर काळं तेल आणि तळाला बोटभर चिखल. हा चिखल म्हणजे रोटाव्हेटरने उडवलेली रानातली माती. वाटीत जागा उरली नाही की तीच माती सिलिंडरमध्ये जाते. तिच्यातले वाळूचे कण रिंग आणि लायनर घासून काढतात, मग धूर वाढतो, ओढ कमी होते आणि हजारोंचा खर्च उभा राहतो. वाटी डिझेलने धुऊन खुणेपर्यंत नवं तेल भरायला दहा मिनिटं लागतात. धुळीच्या कामात हे रोज करावं.

मग डिपस्टिक. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलेलं आहे, आणि गॅस्केट तपासल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही. तेल नुसतंच काळं असेल तर फिल्टरसह बदलायचं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. या जड पाण्याचा क्षार नळ्यांत बसतो आणि मे महिन्यात इंजिन तापतं. नळ्या धुऊन घ्याव्यात आणि कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरावं. झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचं.

खरी गंमत डिझेलची. अर्धी रिकामी टाकी महिनोन् महिने उभी राहिली की आतल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी बनते आणि तळाला बसते. टाकी तळापासून रिकामी करून फिल्टर बदलला, की लाइनमध्ये हवा शिरते. गावाकडे म्हणतात, ‘गाडीनं एअर घेतलाय.’ ही एअर काढण्यात मिस्त्रीचा हात कळतो. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून तो हातपंप दाबत राहतो. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार लागली की स्क्रू घट्ट. हेच मग पंपाजवळ आणि शेवटी नोजलच्या नटाशी. नोजलच्या फवाऱ्यासमोर मात्र हात कधीच धरू नये; त्या दाबाने डिझेल थेट कातडीत घुसतं.

बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्याने निघते. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी मात्र हाताने चाचपूनच सापडतात. ग्रीसगन घेऊन प्रत्येक निपलमधून जुनं ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवं भरायचं. क्लच आणि ब्रेकच्या पेडलची मोकळीक तपासायची. पीटीओच्या, म्हणजे औजाराला ताकद पोचवणाऱ्या, शाफ्टवरचं कव्हर तुटलं असेल तर ते बसवल्याशिवाय रोटाव्हेटर जोडू नये. मिनिटाला 540 फेरे घेणाऱ्या शाफ्टमध्ये उपरण्याचं टोक किंवा पदर अडकला तर सावरायला वेळच मिळत नाही.

सुरू करतानाही घाई नको. डिझेल बंद ठेवून इंजिन काही वेळ नुसतंच फिरवलं, की कोरड्या पडलेल्या बेअरिंगांपर्यंत तेल पोचतं. मग स्टार्टर. दीर्घ विश्रांतीनंतर पहिल्या काही तासांतच तेल पुन्हा एकदा बदललं तर आत सुटलेली घाण त्याच्यासोबत निघून जाते.

यातलं बहुतेक काम शेतकऱ्याला स्वतः जमण्यासारखं आहे. आयटीआयत डिझेल मेकॅनिक आणि ट्रॅक्टर मेकॅनिक हे दोन्ही अभ्यासक्रम आहेत. प्रत्येक गटातल्या एका तरुणाने किंवा तरुणीने ते शिकायला हवेत. डॅशबोर्डवरच्या तास-मीटरचा आकडा, तेल बदलल्याची तारीख आणि करणाऱ्याची सही, अशी तीन रकान्यांची वही ट्रॅक्टरसोबत असावी. भाड्याच्या प्रत्येक तासामागे थोडी रक्कम देखभालीसाठी बाजूला काढायचा ठराव गटाने पहिल्याच बैठकीत करावा. आणि सर्व्हिसिंगची तारीख धरावी ती एप्रिलमधली, कारण एखादा सुटा भाग सोलापूर-लातूरहून मागवावा लागला तरी मृगाआधी हाताशी वेळ उरतो.