मुरूडहून साताऱ्याला

आम्ही घाटावरची माणसे समुद्राकडे पाहुणे म्हणून जातो आणि पाहुण्यासारखेच परततो. माझे बालपण कृष्णाकाठी गेले. सांगलीच्या आयर्विन पुलावरून पुराचे पाणी पाहिले की वाटे, पाणी म्हणतात ते हेच! म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दापोलीजवळच्या मुरूडला जायचे ठरले, तेव्हा प्रत्येकाचे कारण निराळे निघाले. मुलांना वाळू हवी होती. सौभाग्यवतींना आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती पाहायचा होता. मला मात्र एक जुनी वाट उलटी चालून पाहायची होती. चालून म्हणजे अर्थात एस. टी.त बसून!

त्या वाटेची हकीकत अशी. १८७५ सालच्या भाद्रपदाच्या सुमारास मुरूडचा एक मुलगा मराठी सहावीच्या परीक्षेसाठी साताऱ्याला निघाला. समुद्र खवळलेला, पाऊस कोसळतो आहे, मध्ये कुंभार्लीचा घाट. शंभराहून अधिक मैलांची ती वाट त्याने चार दिवसांत पायी तुडवली. परीक्षेला सतरा वर्षे पूर्ण लागत. त्याला सतरा पूर्ण होऊन पाच महिने झाले होते. पण चण लहान आणि चेहरा कोवळा. परीक्षा समितीच्या प्रमुखांनी त्याच्याकडे पाहिले आणि ठरवले, हा काही सतरा वर्षांचा नाही. मुलगा आला तसा परत फिरला. त्याचे नाव धोंडो केशव कर्वे.

सातारा, पाटण, कोयनानगर, घाट, चिपळूण, खेड, दापोली. खिडकीशी बसून मी मैल मोजत होतो. मुले म्हणाली, "बाबा, एवढे चालून गेला आणि परत पाठवला? मग तो रडला नाही?" मला उत्तर देता आले नाही.

मुरूड हे गाव नारळी-पोफळीच्या सावलीत वसलेले. जांभ्या दगडाचे गडगे, कौलारू घरे, पुढे ओटी, मागे वाडी आणि वाडी संपली की समुद्र. घरात बसून लाटांची गाज ऐकू येते, पण समुद्र दिसत नाही. उन्हे कलली की लोक जवळच्या हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावाला जातात. होड्यांतली मासळी बैलगाडीतून काठावर येते, टोपल्या मांडल्या जातात, बोली चढते. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो. आमच्या सांगलीच्या हळदीच्या सौद्यापेक्षा इथला गलबला काही कमी नाही!

ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या वृद्ध काकांनी दुर्गादेवीचे देऊळ दाखवले. इथेच लहानगा धोंडो पोथी वाचायचा आणि सारा गाव ऐकायचा. काका जरा थांबून म्हणाले, "आणि याच गावाने त्यांना पुढे वाळीत टाकले, मास्तर. तेही सांगायला हवे."

खरे आहे. सातारा हुकल्यावर कर्वे पुढल्या वर्षी कोल्हापूरहून ती परीक्षा उत्तीर्ण झाले, १८८४ साली गणित घेऊन पदवीधर झाले आणि फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक झाले. आपल्या गावासाठी त्यांनी 'मुरूड फंड' काढला. पण ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि तोच गाव उलटला. बहिष्काराची झळ वृद्ध आईलाही पोहोचली. तरी माणूस कडवट झाला नाही. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना 'भारतरत्न' मिळाले. आज मुरूडकर त्यांचे नाव अभिमानाने सांगतात.

"गाव चुकतो," काका म्हणाले, "पण शहाणा गाव चूक लपवत नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण वाचकहो, त्या समितीच्या खुर्चीवर मीही एकदा बसलो आहे. काही वर्षांपूर्वी भर पावसात पाटणच्या खोऱ्यातला एक मुलगा परीक्षेला तासभर उशिरा पोहोचला. दरड कोसळून गाडी अडली होती, म्हणून तो उरलेली वाट चालत आला होता. मी घड्याळाकडे बोट दाखवले आणि त्याला परत पाठवले. नियम मी केलेला नव्हता हे खरे. पण त्याला बसवून चहा द्यायला, वरिष्ठांकडे त्याच्यासाठी एक शब्द टाकायला कोणत्या नियमाने मला अडवले होते? पुढे त्याचे काय झाले, याची मी चौकशीही केली नव्हती.

सुट्टी संपताच कचेरीतल्या जुन्या यादीतून मी त्याच्या घरचा नंबर शोधला. फोन त्याच्या आईने घेतला. मी नाव सांगून झाला प्रसंग सांगितला.

"पुढल्या वर्षी बसला की परीक्षेला! पास बी झाला," ती माउली म्हणाली. मला हायसे वाटले. मग जरा थांबून ती म्हणाली, "पर सर, त्या दिवशी घरी यायला त्याला लई रात झाली होती. उपाशीच झोपला."

आता परीक्षेच्या दिवशी पाऊस असला, की मी थोडा लवकर निघतो आणि फाटकाशी उभा राहतो.