लांडगा बघायचाय? मग जंगल नको, माळ शोधा

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट तुम्ही घरातल्या मुलांना कितीदा तरी सांगितली असेल. पण एखाद्याने विचारलं, ‘खरा लांडगा कुठे दिसतो?’ तर? चिकपेटच्या गर्दीत राहणाऱ्यांनाही याचं उत्तर कर्नाटकातच देता येतं.

हंपीला तर आपण जातोच. तिथून जवळ, कोप्पळ जिल्ह्यात गंगावतीजवळ बंकापूर लांडगा अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम 332 हेक्टर. 2025 मध्ये तिथल्या एका मादीने आठ पिल्लं दिल्याची बातमी आली. ही बातमी मोठी का, तर भारतात लांडगे साधारण तीन हजारच उरलेत असा अंदाज आहे, म्हणजे वाघांपेक्षाही कमी. (फोनच्या नकाशात नीट बघा हं! नुसतं ‘बंकापूर’ टाकलंत तर हावेरी जिल्ह्यातल्या मोरांच्या अभयारण्यात पोचाल.)

लांडगे परतले की माणसं बघायला येतात, हे अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये दिसलं. तिथले लांडगे 1926 पर्यंत मारून संपवले होते. 1995 मध्ये कॅनडातून 14 आणून सोडले. आज लोक पहाटेच्या थंडीत रस्त्याकडेला दुर्बिणी लावून तासन् तास उभे राहतात. लांडग्यापासून किमान 91 मीटर लांब राहायचं, हा तिथला नियम.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. आपला लांडगा दाट झाडीत राहत नाही. त्याला लागतं उघडं माळरान, ससे, काळवीट आणि बिळाला शांत जागा. आणि माळाला आपण काय म्हणतो? पडीक! पडीक म्हटलं की तिथे प्लॉट पाडायला कुणाचीच हरकत नसते. वाघासाठी जंगल राखायचं हे पटतं, लांडग्यासाठी गवत राखायचं हे अजून पटत नाही.

मे महिन्यात विटा-आटपाडीकडे गावी जाणार असाल, तर थोडी वाट वाकडी करा. पुणे वन विभागाने 2024 पासून इंदापूर तालुक्यात कडबनवाडी आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळ इथे गवताळ माळाची सफारी सुरू केली आहे. आधी बुकिंग करायचं, बरोबर वाटाड्या असतो. बंकापूरला जायचं तर आधी वनखात्याला विचारा. पाऊलवाट दिसली म्हणून आत शिरू नका. बिळाजवळ माणसांची ये-जा वाढली की मादी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते.

डब्यातलं उरलेलं तर तिथे अजिबात टाकू नका. त्यावर गावातली कुत्री येतात, आणि कुत्र्यांबरोबर रोगही. पुणे भागात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालंय. त्या अभ्यासात आपल्या बेंगळुरूच्या दोन संस्थाही होत्या, एट्री आणि एनसीबीएस.

मग समोर उभा आहे तो कुत्रा की लांडगा, हे कसं ओळखाल? पाय लांब, अंग सडपातळ, डोळे पिवळसर. शेपटी खाली लोंबलेली, गावच्या कुत्र्यासारखी वर वळलेली नाही. पहाटे किंवा दिवस मावळताना बघा. दुपारी मुलांना उन्हात उभं करून काही हाती लागणार नाही.

आणि वाटेत मेंढरं दिसली की थांबा. इकडे कुरुब, तिकडे धनगर. लांडगा मेंढरू उचलतो तेव्हा नुकसान यांचं होतं, आपलं नाही. तरीही लांडग्याचा वाटा ठरलेलाच असतो, असं मानणारे जुने धनगर आहेत. कन्नडमध्ये लांडग्याला ‘तोळ’ म्हणतात. हा शब्द उच्चारून बघा. लांडगा नाही दिसला, तरी काल रात्री तो कुठल्या ओढ्याकाठी होता, हे तो मेंढपाळ काठी उंचावून दाखवील.