खारट घाम, तुपाची धार आणि वाढते आयुष्य

तान्ह्या बाळाच्या कपाळाचा मुका घेताना ओठांना मिठाची चव लागली, तर ते बाळ फार दिवसांचे सोबती नाही, अशी समजूत युरोपातील जुन्या लोकांत होती. समजूत भाबडी खरी. परंतु तिच्या मुळाशी असलेले निरीक्षण अचूक होते. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरात उष्णतेची लाट आली, तेव्हा शरीरातील पाणी व क्षार कमी होऊन रुग्णालयात आलेल्या बालकांत सिस्टिक फायब्रोसिस या विकाराची मुले पुष्कळ आढळली. डॉ. पॉल दि सांत आन्येझे यांनी या दिशेने शोध घेतला आणि या मुलांच्या घामातून प्रमाणाबाहेर मीठ जाते हे १९५३ मध्ये सिद्ध केले. आजही निदानाची प्रमुख कसोटी घामाचीच आहे.

या विकारात शरीराच्या पेशींवरील क्षारांचे एक दार नीट उघडत नाही. त्यामुळे फुफ्फुसांतील कफ डिंकासारखा चिकट होतो, त्यात जंतू घर करतात. स्वादुपिंडाच्या नलिका तुंबून पाचक रस आतड्यापर्यंत पोहोचत नाहीत. दोष सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकात असतो व ते जनुक १९८९ मध्ये सापडले. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच मूल आजारी होते. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गर्भारपणात ही शक्यता चारात एक असते. असे असूनही घरात असे मूल जन्मले की बोट आईकडेच दाखवले जाते, हा अन्याय आहे. मामे-आते भावंडांतील विवाहांत ही शक्यता वाढते, हेही वडीलधाऱ्यांनी ध्यानात घेतले पाहिजे.

हा गोऱ्या लोकांचा आजार, असे आपल्याकडे दीर्घकाळ मानले गेले. वारंवार होणारा न्यूमोनिया, तेलकट व दुर्गंधीयुक्त शौच, भरपूर खाऊनही न वाढणारे वजन, अशी लक्षणे असलेली कित्येक भारतीय मुले क्षयाच्या किंवा कुपोषणाच्या उपचारांवरच राहिली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बालरोगतज्ज्ञांनी या बाबतीत मोठे काम केले आणि हा आजार भारतात आहे, फक्त ओळखला जात नाही, हे दाखवून दिले.

आहाराची कथा तर विशेष मननीय आहे. एके काळी या मुलांना स्निग्ध पदार्थ वर्ज्य असत. पचत नाही ते देऊ नये, असा सरळ हिशेब. कॅनडातील टोरांटोच्या वैद्यांनी मात्र १९७० च्या दशकात उलट वाट धरली : भरपूर स्निग्ध अन्न द्यावे आणि ते पचवण्यासाठी पाचक विकरांची मात्रा वाढवावी. १९८८ मध्ये टोरांटो व बोस्टन येथील रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. फुफ्फुसांचे उपचार दोन्हीकडे जवळपास सारखेच होते. परंतु बोस्टनमध्ये मध्यम आयुर्मान २१ वर्षे, तर टोरांटोमध्ये ३० वर्षे भरले. बराचसा फरक ताटातला होता!

शाकाहारी स्वयंपाकघराला हे आहारशास्त्र मुळीच परके नाही. वरणावर तुपाची धार, साय न काढलेले दूध, दही, लोणी, पनीर, तीळ, शेंगदाणे, खोबरे, बदाम, गूळपापडीची वडी, डिंकाचे लाडू या साऱ्यांत दाट शक्ती आहे. अशा मुलाला सामान्य मुलापेक्षा पुष्कळ अधिक ऊर्जा लागते, कधी दीडपट, कधी त्याहूनही जास्त. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे स्निग्धांबरोबरच शरीरात शिरतात, म्हणून ती औषधरूपाने वेगळी द्यावी लागतात. सोलापूर-सांगलीच्या उन्हाळ्यात ताकात मीठ घालून देणे हा तर उपचारच ठरतो. मात्रा डॉक्टरांनी ठरवावी.

उपवास हा येथे नाजूक प्रश्न आहे. पर्युषणात घरातील सारे उपवास करीत असता मुलालाही हुरूप येतो. पण अन्न, पाणी आणि मीठ तुटले तर हे शरीर फार लवकर कोसळते. षोडशकारण भावनांत ‘शक्तितस्तप’ हे पद आहे. त्यातील ‘शक्तितः’ हा शब्द अशा मुलासाठी अक्षरशः घ्यावा. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम पाळणाऱ्या घरांत दिवसभरातील खाण्याच्या वेळा वाढवून पुष्कळ साधते. तरीही वजन घटत असेल, तर आहारतज्ज्ञांशी मोकळेपणाने बोलावे.

त्याहून कठीण प्रश्न पाचक विकरांच्या कॅप्सूलचा. ही विकरे डुकराच्या स्वादुपिंडापासून काढतात. प्राणिजन्य नसलेली विकरे बनवण्याचे प्रयत्न झाले. पण चाचण्यांत ती पुरेशी उतरली नाहीत. अहिंसेचे व्रत मानणाऱ्या कुटुंबाला हे कळते, तेव्हा मन विदीर्ण होते. निर्णय कुटुंबाने, हवे तर गुरूंचा विचार घेऊन करावा. मात्र कॅप्सूल गुपचूप कमी करणे, किंवा आजीने आयत्या वेळी लपवून ठेवणे, हे सर्वांत घातक. कारण डॉक्टर मात्रा वाढवीत राहतात आणि मूल वाळतच जाते.

रोजची दिनचर्याही कष्टाची आहे. सकाळ-संध्याकाळ खारट पाण्याची वाफ, मग पाठ-छाती थोपटून किंवा श्वासाच्या व्यायामांनी कफ काढणे, लागतील तेव्हा प्रतिजैविके. शाळा, खेळ, पोहणे, सायकल बंद करू नये. दमवणारा खेळ कफ सोडवतो. एक गोष्ट मात्र क्रूर वाटेल : या विकाराच्या दोन रुग्णांनी एकमेकांपासून अंतर राखायचे असते, कारण एकाच्या फुफ्फुसातील जंतू दुसऱ्याला बाधतात. ज्यांना परस्परांचे दुःख सर्वांत अधिक कळावे, त्यांनीच शेजारी बसायचे नाही.

औषधसंशोधनाने २०१२ मध्ये नवे वळण घेतले. त्या वर्षी अमेरिकेत मान्यता मिळालेले आयव्हाकाफ्टर हे बिघडलेल्या दारालाच हात घालणारे पहिले औषध. पण ते मोजक्या रुग्णांपुरते होते. २०१९ मध्ये तीन औषधांचे संयुक्त उपचार आले आणि पाश्चात्त्य देशांतील बहुसंख्य रुग्णांचा श्वास मोकळा झाला. फुफ्फुस-प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेत असलेले कित्येक तरुण नोकरीवर परतले, स्त्रिया माता झाल्या. वजन इतके वाढू लागले, की आता काहींना तूप-लोणी बेताने खाण्याचा सल्ला द्यावा लागतो. १९५० च्या दशकात शाळेचे वय गाठणेही दुर्मीळ होते. आज तेथे जन्मणाऱ्या बालकाची अपेक्षित वयोमर्यादा पन्नाशीच्या पुढे गेली आहे.

भारतीय रुग्णांपुढे अडथळे दोन. युरोपात सर्वाधिक आढळणारा जनुकदोष आपल्याकडे तुलनेने कमी आढळतो. म्हणून कोणते औषध लागू पडेल, हे जनुक-तपासणीशिवाय सांगता येत नाही. दुसरा अडथळा किमतीचा. अमेरिकेत या उपचाराची वर्षाची छापील किंमत तीन लाख डॉलरच्या वर आहे. अर्जेंटिनात त्याचे जेनेरिक रूप बनते व ते बरेच स्वस्त पडते, तरीही मध्यमवर्गीय घराला ते पेलत नाही. जनुकाचा योग्य संदेश वाफेतून थेट फुफ्फुसात पोहोचवण्याचे प्रयोग चालू आहेत. ज्यांना आजची कोणतीच औषधे लागू पडत नाहीत, त्यांचे डोळे तिकडे लागले आहेत. तोवर त्यांच्या घरी वाफेचे यंत्र रोज दोनदा सुरू होते, आणि ताटात तूप थोडे जास्तच वाढले जाते.