हात दारूमुळेच उठतो?

‘प्यायला की त्याला भान राहत नाही, एरवी देवमाणूस!’ मार खाणाऱ्या बाईला हे सासरीच नाही, माहेरीही ऐकावं लागतं. दारूचा हिंसेशी संबंध आहेच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ज्यांचे नवरे वरचेवर पिऊन तर्र होतात अशा 70 टक्के स्त्रियांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. पण नवरा दारूला शिवतही नाही अशा स्त्रियांमध्येही हे प्रमाण 23 टक्के निघालं. त्यांच्या घरात दोष कुणाला द्यायचा? दारूने मारहाण वाढते. मूळ मात्र बाटली घरात येण्याआधीपासून असतं.

रागाचंही तेच. ‘तिडीक गेली डोक्यात, हात उठला.’ साहेबाने चारचौघांत झापलं, तर हाच माणूस मान खाली घालून ऐकून घेतो. घरी मात्र आधी कडी लावतो, आणि वळ उठलेच तर ब्लाउजच्या बाहीखाली किंवा पदराआड राहतील असं बघून मारतो. भान सुटलेल्या माणसाला एवढा हिशेब सुचत नाही.

अडाणी, गरीब घरांतच हे चालतं, हाही भ्रम. शिक्षणाने हिंसा कमी होते हे खरं, पण बारावी आणि त्यापुढे शिकलेल्या नवऱ्यांच्या बायकांतही साधारण पाचातल्या एकीने हिंसा सोसलेली असते.

खरं कारण हक्काच्या भावनेत आहे. बायको मर्जीबाहेर गेली तर तिला वठणीवर आणायचा अधिकार आपल्याला आहे, ही समजूत. ती फक्त पुरुषांची नाही: एखाद्या तरी कारणासाठी बायकोला मारणं योग्य, असं त्याच सर्वेक्षणात 44 टक्के पुरुषांनी सांगितलं आणि 45 टक्के स्त्रियांनीही. सासरच्यांचा मान न राखणं हे त्यातलं सर्वाधिक सांगितलेलं कारण. बाप आईला मारतो हे पाहत मुलं ही समजूत घरातच शिकतात.

‘मग ती सोडून का जात नाही?’ कारण पगाराचं एटीएम कार्ड, दागिने, आधार कार्ड त्याच्या कपाटात असतात, मुलांची शाळा असते, आणि निघायच्या सुमारास जिवाचा धोका उलट वाढतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने आर्थिक कोंडीही हिंसाच ठरवली आहे आणि घर नावावर नसलं तरी तिथे राहण्याचा हक्क दिला आहे. आई, बहीण, लग्नाविना एकत्र राहणारी जोडीदार, या सगळ्यांना हा कायदा लागू आहे.

तरीही त्या सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्यांपैकी 77 टक्के जणींनी कुणापाशीच तोंड उघडलेलं नव्हतं. म्हणून ‘बाथरूममध्ये पाय घसरला’ हे उत्तर पुन्हा कानावर आलं, तर तिला एकटीला गाठून विचारा, आणि 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिच्याजवळ असू द्या.